रॉकेलची जीप आणि माझा चढा आवाज

जावयांनी गेल्या दिवाळीत नवी गाडी आणली. हायब्रिड. कधी बॅटरीवर चालते, कधी पेट्रोलवर, आणि कधी कशावर चालली आहे ते समोरच्या पडद्यावर दिसतं. जावई गाडी चालवताना रस्त्याकडे कमी आणि त्या पडद्याकडे जास्त बघतात. ॲव्हरेज किती पडलं, बॅटरी किती वर्षं टिकेल, सर्व्हिसिंगला किती घेतील, जेवतानाही तोच विषय. मी म्हटलं, "त्यात काय एवढं? आमच्याकडे होती की दोन इंधनांची गाडी." मोठ्याने म्हटलं. मी सगळंच मोठ्याने म्हणते. लेक म्हणाली, "आई, हळू बोल ना, शेजारी ऐकतात."

ऐकू देत. माझा आवाज काही जन्मापासून असा नाही. धुळ्याहून लग्न होऊन फैजपूरजवळच्या या गावात आले तेव्हा मी इतकी हळू बोलायचे की सासूबाईंना प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागायची. एक तर नवी नवरी, त्यात माझी बोली अहिराणी आणि इथली वेगळी. आम्ही 'आहे'ला 'शे' म्हणतो. आल्या आल्याच मी "चहा तयार शे" म्हणाले आणि ओट्यावर बसलेले सगळे हसले. सगळ्यात जास्त हसला तो माझा नवरा. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, तेव्हा पुढे मी 'हे' म्हणेन ते त्यांनाच. मला चिडवायचं म्हटलं की ह्यांचं एकच चालायचं, "काय शे? जेवण शे का?" मग मी अहिराणी मिटूनच टाकली. आवाज चढला तो नंतर, आणि चढवला जीपने.

घर एकत्र होतं. थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, केळीचे बाग आणि घरचा व्यवहार बघायचे. हे धाकटे, ह्यांच्याकडे जीप. खत आणायचं, बागेत माणसं पोचवायची, कोणाला भुसावळला रेल्वेवर सोडायचं, गावात लग्न निघालं की वऱ्हाड ओढायचं. जीप जुनी आणि पेट्रोलची. पेट्रोल परवडेना म्हणून ह्यांनी फैजपूरच्या मेकॅनिककडून तिला दुसरी टाकी बसवून घेतली होती, रॉकेलची. नियमात बसणारी गोष्ट नव्हती, पण तेव्हा आमच्या भागात बऱ्याच जीपा अशाच चालायच्या आणि त्यांच्या मागून जाणाऱ्याचे डोळे चुरचुरायचे.

रीत अशी होती. इंजिन थंड असलं की रॉकेलवर सुरू होत नाही. म्हणून सकाळी पेट्रोलवर सुरू करायची, चांगली तापली की स्टिअरिंगजवळचा पितळी कॉक फिरवून रॉकेल सोडायचं. परत येताना घर जवळ आलं की कॉक पुन्हा पेट्रोलवर. कारण कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहिलं आणि गाडी बंद केली, तर दुसऱ्या दिवशी हँडल मारून मारून खांदे निखळायची वेळ येते. आमच्या गावाबाहेर कालव्याचा पाट आहे, त्याच्या अलीकडे लांब उतार. उतारावर हे गाडी न्यूट्रल करायचे, तेवढीच बचत, आणि पाटावर आले की कॉक फिरवायचे. मग दारात येऊन इंजिन चालू ठेवूनच बसायचे. आतलं रॉकेल जळून पेट्रोल आलं की आवाज बदलतो. खडखड थांबते आणि गाडी एकसारखी, हलकी चालायला लागते. तो बदल ऐकला की हे चावी फिरवायचे. आत चुलीपाशी मीही तोच आवाज ऐकायचे आणि चहा गाळायला घ्यायचे. आमच्यात दिवसभरात दुसरं काही बोलणं झालं नाही तरी हे व्हायचंच.

जीपचे लाड किती, ते विचारू नका. रॉकेल मिसळून ऑइल पातळ होतं म्हणून दर आठवड्याला दांडी काढून बोटांत ऑइल चोळायचं, त्याचा वास घ्यायचा. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. टाकीत बांबूची काडी बुडवायची आणि कुठवर ओली झाली ते उन्हात धरून बघायचं. रॉकेल गाळायला माझी चांगली मऊ साडी फाडली, त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. मला ताप आला तर कपाळाला हात लावतील न लावतील, जीपच्या बॉनेटला मात्र रोज. आणि कॉकला हात लावायची कोणाला सोय नव्हती. दादांनाही नाही.

मग आखातात लढाई पेटली. पंपावर रांगा लागायला लागल्या, आणि नेमकी तेव्हाच आमची जीप बिघडली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. आधी सकाळी सुरू व्हायचं बंद झालं. हे हँडल मारून घामाघूम, बागेतली माणसं खोळंबलेली, दादा ओट्यावर येरझारा घालताहेत. ह्यांनी कार्बोरेटर उघडला, प्लग बदलले, कॉक नवा बसवला. मग सुरू व्हायला लागली, पण पेट्रोल उडायला लागलं. काडी बुडवावी तर कालची ओल आणि आजची ओल यात भलतीच तफावत. फैजपूरच्या मेकॅनिकने सगळं पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, गाडीत मला तरी काही सापडत नाही." ह्यांनी त्यालाही नावं ठेवली, पंपवाल्यालाही ठेवली.

दादा तसे रागीट नाहीत, पण त्या दिवसांत त्यांचाही तोल गेला. "ही गाडी पेट्रोल पेऊ राह्यली का ढोसू राह्यली?" म्हणाले. "आखाजीपर्यंत बघतो. सुधरली तर ठीक, नाहीतर देऊन टाकू. डिझेलचा टेम्पो घेऊ आणि त्याच्यावर ड्रायव्हर ठेवू."

ह्यांनी मान हलवली आणि ताटावरून उठून गेले. दादांचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण बागेतलं काम दादांच्या शब्दावर चालायचं, बाजारातलं दादांच्या नावावर. ह्यांचं म्हणून घरात एकच होतं, ती जीप. गावात ह्यांना सगळे जीपवाले भाऊ म्हणायचे. जीप गेली की काय म्हणणार होते, कोण जाणे.

एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. जीप दारात आली. थोड्या वेळाने खडखड थांबली, पेट्रोल आलं. मी चहा गाळला. गाडी बंद झाली नाही. भाकरी उलटली, शेकली, दुसरी थापली, तरी चालूच. वाटलं, कोणाशी बोलत असतील. पिठाच्या हातांनी बाहेर आले तर हे एकटेच. स्टिअरिंगवर वाकलेले, मान तिरकी, डोळे घट्ट मिटलेले. ऐकत होते. पेट्रोल केव्हाचं आलं होतं आणि हा माणूस अजून त्याची वाट बघत होता.

मी तशीच दारात उभी राहिले. मागून हाक मारली की वळत नाहीत, त्याला मी मुद्दाम करतात म्हणायचे. रेडिओ मोठा लावतात म्हणून सासूबाई कटकट करायच्या. मी काही सांगितलं की नुसतं 'हं' म्हणायचे आणि भलतंच करून यायचे, त्यावर मी अबोला धरायचे. अबोला तरी त्यांना कळत होता की नाही, देव जाणे. आता सगळा उलगडा झाला. आवाज ऐकू येईना तेव्हा आधी अंदाजाने गाडी लवकर बंद करायचे, म्हणून सकाळी सुरू व्हायची नाही. मग त्या धसक्याने जास्त वेळ चालू ठेवायला लागले, म्हणून पेट्रोल उडायला लागलं. जीपला काहीएक झालेलं नव्हतं.

बोलून टाकायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. दादांना कळलं असतं तर जीप त्याच दिवशी गेली असती, आणि ह्यांना मी तोंडावर सांगितलं असतं तर ह्यांनीच चावी दादांपुढे नेऊन ठेवली असती. दोन्ही मला बघवलं नसतं. तेव्हा मी काय केलं, रोज आवाज बदलला की चहाचा कप घेऊन बाहेर यायला लागले. कप हातात दिला की कप घ्यायला हात मोकळा पाहिजे, म्हणून हे चावी फिरवायचे. दोन-चार दिवसांत ह्यांना ती सवयच लागली. मी दिसले की गाडी बंद. सकाळी जीप एका झटक्यात सुरू व्हायला लागली आणि काडीवरची ओलही जागेवर राहायला लागली. जाऊबाई म्हणाल्या, "काय बाई सेवा! नवऱ्याला गाडीतच चहा." मी म्हटलं, "असू दे."

रस्त्याची मला धाकधूक होती. मागून ट्रकने हॉर्न दिला तर ह्यांना कळणार कसं? मग मी काही ना काही निमित्त काढून शेजारी बसायला लागले. कधी बांगड्या भरायला फैजपूर, कधी दळण, कधी नुसतंच बागेत. मागून काही आलं की मी म्हणायचे, "अहो, बाजू द्या." आणि ते ह्यांच्या कानापर्यंत पोचेल इतक्या आवाजात म्हणायचे. घरातही तसंच. पण ह्यांच्याशीच मोठ्याने आणि बाकीच्यांशी हळू बोलले तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ओळखलं असतं. म्हणून मी सगळ्यांशीच मोठ्याने बोलायला लागले. सासूबाईंशी, जावेशी, पोरांशी, दूधवाल्याशी. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "धुळ्याची पोर, आली तवा मुकी होती. आता तिले हळू बोलताच येत नाही व माय." विहिरीवर बायका म्हणायच्या, भाऊंची बायको तोंडाळ निघाली. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? आईने मला अशी वाढवली नव्हती.

पण त्याची एक गंमतही होती. पाटाच्या अलीकडच्या उतारावर गाडी न्यूट्रल झाली की सगळं शांत व्हायचं. नुसती चाकं वाजायची. तिथे मी ह्यांच्याशेजारी बसून माझ्या मिटलेल्या अहिराणीत हळूच बोलून घ्यायचे. ऐकू जाणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तर बोलायचे. एरवी अहो-जाहो, तिथे एकेरी. "माणूस मना येडा शे," म्हणायचे, "पण मना शे." माझा माणूस वेडा आहे, पण माझा आहे. एवढंच. हे समोर बघत गाडी चालवायचे आणि मी पदर सारखा करून गप्प बसायचे. दिवसभराच्या आरडाओरड्यावर तेवढं मला पुरायचं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात. मला धुळ्याला सोडायला हे निघाले आणि ऐनवेळी दादा म्हणाले, "मी जळगावपर्यंत येतो. गाडी कशी चालू राह्यली ते बघायचंच आहे." झालं. थोरले दीर गाडीत असताना मी पुढे कशी बसणार? दादा पुढे, मी मागे पेट्या आणि आंब्यांच्या करंड्यांमध्ये.

तापीचा पूल ओलांडला आणि भुसावळकडचा चढ लागला. रॉकेलवर गाडी चढाला ठोकते. आतून टक टक टक असा आवाज यायला लागतो, तेव्हा थोडा वेळ पेट्रोल द्यायचं, नाहीतर इंजिन खराब होतं. आवाज सुरू झाला. हे आपले निवांत. दादांनी एकदा बॉनेटकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे. "काय वाजू राह्यलं रे?" दादा म्हणाले. हे समोरच बघत होते. दादा पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात मी मागून ओरडले, "अहो, ठोकतेय ती! पेट्रोल द्या!"

ह्यांचा हात कॉककडे गेला. टकटक थांबली. दादा मागे वळून माझ्याकडे असे बघत राहिले की मला करंडीत तोंड खुपसावंसं वाटलं. थोरल्या दिरासमोर, भर रस्त्यात, नवऱ्यावर ओरडणारी बाई! मी खाली बघत म्हणाले, "दादा, तो आवाज डोक्यात जातो माझ्या, म्हणून बोलले." जळगावात उतरताना दादा ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गाडी चांगली आहे रे. राहू दे तुझ्याकडेच. बायकोला मात्र जरा सांभाळ." मी ऐकलं, आणि मला इतका आनंद झाला की पुढच्या वाक्याचं काही वाटलंच नाही. ह्यांना त्यातलं किती ऐकू गेलं ते मला कळलं नाही. हे नुसते हसले होते.

मी पुढे येऊन बसले. एरंडोल मागे पडलं, पुन्हा एक चढ आला आणि पुन्हा टकटक. दोनदा सांगितलं, पण वारा होता, माझा घसा बसला होता, ह्यांना काही पोचेना. शेवटी मी हात लांब केला आणि कॉक फिरवला. मी. ह्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग हळूहळू गाडी बाजूला घेतली आणि एका लिंबाखाली उभी केली.

"कधीपासून?" हे म्हणाले.

"काय कधीपासून?"

"तुला ठाऊक आहे ते."

असली गोष्ट हळू बोलायची असते. जवळ बसून, हात हातात घेऊन. आमच्या नशिबी तेही नाही. मी घसा खरवडून, रस्त्याच्या कडेला, ओरडून माझ्या नवऱ्याला सांगितलं की तुम्हाला ऐकू येत नाही हे मला हिवाळ्यापासून माहीत आहे. पलीकडच्या शेतातली माणसं काम थांबवून बघायला लागली.

हे बराच वेळ स्टिअरिंग पुसत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, तू माझ्यावर वैतागली आहेस. म्हणून ओरडतेस. सगळे म्हणतात, तू सगळ्यांवरच ओरडतेस."

"सगळ्यांवर ओरडले की तुमच्यावरच ओरडते असं कोणाला वाटत नाही," मी म्हणाले. तेही ओरडूनच.

ह्यांनी खाली उतरून रेडिएटरसाठी ठेवलेल्या डब्यातलं पाणी घेतलं आणि तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. पाठ माझ्याकडे होती. एवढा थोराड माणूस, पण तेव्हा मला त्यांची फार माया आली. मी उतरून पदर पुढे केला, त्याला त्यांनी तोंड पुसलं. पदराला रॉकेलचा वास येत होता. तो माझ्या सगळ्याच साड्यांना यायचा.

"जीप गेली तर मी काय करू?" हे म्हणाले.

"जीप जात नाही. दादा काय म्हणाले ते ऐकलं नाही का?" मी म्हणाले आणि जीभ चावली. हे हसायला लागले. मग मीही.

धुळ्यात माझ्या वडिलांनी, आबांनी, ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही, पण मशीनने काम भागेल. खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानात गेलेली वायर. हे आधी लाजले, शर्टाच्या आतून वायर घ्यायचा खटाटोप केला. मग बाहेर येऊन पहिली गोष्ट काय केली असेल? जीप सुरू केली, बॉनेट उघडलं आणि अर्धा तास वाकून ऐकत बसले. कुठे खडखडतं, कुठे शिट्टी येते, सायलेन्सरला भोक पडलंय. आबांना एकेक सांगत होते. आबा ऐकून घेत होते आणि शेवटी म्हणाले, "जवाईबापू, आते मनी पोरनं बी आयका." आता माझ्या पोरीचंही ऐका.

पुढे घरी गेल्यावर हे स्वतःच दादांसमोर डबी ठेवून सगळं सांगून मोकळे झाले. दादांनी ती डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "आधी सांगायला काय झालं होतं रे?" जीप ह्यांच्याकडेच राहिली. माझा आवाज मात्र काही खाली आला नाही, तो एकदा चढला तो चढलाच. सासूबाईंनी शेवटपर्यंत नावं ठेवली, पण कारण कळल्यावर जरा प्रेमाने ठेवली.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, धुळ्याहून परत येतानाचं. दिवस मावळत आला होता. अख्ख्या रस्त्यात आम्ही काही फार बोललो नाही. ह्यांचं सगळं लक्ष इंजिनात, आणि माझ्या मनात माहेरचा झोका. गावाजवळचा उतार आला. ह्यांनी गाडी न्यूट्रल केली. सगळं शांत झालं, नुसती चाकं वाजायला लागली. खिशातली डबी, शर्टातली वायर, सगळं मी पार विसरून गेले होते. सवयीने तोंडातून गेलं.

"माणूस मना येडा शे," मी पुटपुटले. "पण मना शे."

ह्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"शे," हे म्हणाले. "आता कॉक फिरव. पाट आला."